शिकाऊ हाताचे ऋण

विद्यार्थ्याला शिक्षण चालू असतानाच रुग्णालयात, शाळेत, कारखान्यात किंवा हिशेबतपासनिसाच्या कार्यालयात पाठवायचे आणि प्रत्यक्ष कामातून त्याला व्यवसाय शिकवायचा, या पद्धतीच्या मुळाशी दोन तात्त्विक प्रश्न आहेत. पहिला ज्ञानाचा. हाताला येणारे कौशल्य म्हणजे पुस्तकातल्या ज्ञानाचा वापर, की ते ज्ञान मुळातच वेगळ्या जातीचे? दुसरा प्रश्न नीतीचा. शिकणाऱ्याच्या चुका कोणी सोसायच्या? पहिल्या प्रश्नावर ग्रीक काळापासून विपुल लेखन झाले आहे. दुसरा अधिक अवघड असूनही बहुतेक अभ्यासक्रमांच्या पुस्तिकांत तो सापडत नाही. आपल्यावर शस्त्रक्रिया करणारा हात कसलेला असावा, असे प्रत्येक रुग्णाला वाटते. मात्र तो हात कसला जाण्याआधी कोणाच्या तरी शरीरावर चाचपडलेला असतो.

या पद्धतीची नावे व्यवसायागणिक वेगळी आहेत. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांनंतर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप असते. बी.एड.च्या दोन वर्षांत वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता असते. अध्यापक विद्यालयांत तिला छात्रसेवाकाल म्हणण्याचा जुना प्रघात आहे. आयटीआय झालेला तरुण कारखान्यात शिकाऊ उमेदवार होतो, चार्टर्ड अकाउंटंट होऊ पाहणारा आर्टिकलशिप करतो आणि समाजकार्याचा विद्यार्थी क्षेत्रकार्याला जातो. मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आलेल्या शाळेने वस्तीतले काम हा शिक्षणाचाच भाग मानला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातल्या कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या पदवीतही ‘ओजेटी’, म्हणजे कामावरील प्रशिक्षण, श्रेयांकांसह आले. वैद्यकात मात्र हा सगळा विचार फार जुना आहे आणि त्यातले ताणही तिथेच सर्वात उघडे दिसतात.

ज्ञानाच्या प्रश्नाला ॲरिस्टॉटलने दिलेले उत्तर अजून बाद झालेले नाही. ‘निकोमेकियन नीतिशास्त्रा’च्या दुसऱ्या भागात तो म्हणतो की माणूस घरे बांधून गवंडी होतो आणि वाद्य वाजवून वादक होतो, न्यायी वागणेही न्यायाची कृत्ये करूनच अंगी येते. सहाव्या भागात तो आणखी पुढे जातो. तरुण मुलगा भूमितीत पारंगत होऊ शकतो, पण त्याला व्यवहारातला विवेक असत नाही, कारण विवेकाला एकेका प्रसंगाची ओळख लागते आणि ती काळानेच होते. विसाव्या शतकात गिल्बर्ट राइलने ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ (१९४९) या ग्रंथात हाच मुद्दा तर्काने बांधला. प्रत्येक कुशल कृतीच्या आधी मनात एखादा नियम आठवावा लागतो असे मानले, तर तो नियम नेमका केव्हा लावायचा हे ठरवण्यासाठी दुसरा नियम लागेल, त्यासाठी तिसरा, आणि कृती कधी सुरूच होणार नाही. म्हणून एखादी गोष्ट ‘अशी आहे’ हे ठाऊक असणे आणि ती ‘करता येणे’ या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. रसायनशास्त्रज्ञ असलेल्या मायकेल पोलान्यीने ‘पर्सनल नॉलेज’मध्ये (१९५८) दाखवले की कुशल माणसाला जे कळते, त्यातले बरेचसे त्याला शब्दांत सांगता येत नाही.

हे किती खरे आहे ते शिरेत सुई घालण्याच्या साध्या कामातही दिसते. पुस्तकातली कृती पाच ओळींची आहे. दंडाला पट्टा बांधायचा, हाताच्या पाठीवरची शीर शोधायची, सुईचे तिरके तोंड वर ठेवून ती कमी कोनात आत घालायची, नळीच्या मागच्या भागात रक्त चमकले की सुई जागेवर धरून प्लॅस्टिकची नळी पुढे सरकवायची, मग पट्टा सोडायचा. पहिल्या आठवड्यातला इंटर्न यातली प्रत्येक ओळ तोंडपाठ म्हणू शकतो, तरी त्याने लावलेले सलाईन पाच मिनिटांत फुगते. रक्त दिसल्यावर किंचित पुढे जायचे असते. किती, ते मिलिमीटरमध्ये सांगून उपयोग होत नाही. वयस्क माणसाची शीर डोळ्यांना ठळक दिसते, पण सुई टेकताच बाजूला सरकते, म्हणून खालची कातडी अंगठ्याने ताणून धरावी लागते. निर्जलीकरण झालेल्या लहान मुलाची शीर दिसतच नाही, ती बोटाने चाचपूनच सापडते. हे इंटर्नला बहुधा प्राध्यापक शिकवत नाहीत, वॉर्डातल्या सिस्टर शिकवतात. त्याही फारसे बोलत नाहीत. इंटर्नचे बोट धरून योग्य जागी टेकवतात आणि ‘इथे बघा’ म्हणतात. या ज्ञानाची परीक्षा कागदावर घेता येत नाही. म्हणूनच जॉर्ज मिलरने १९९० मध्ये वैद्यकीय मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या. माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे, अशा त्या पायऱ्या आहेत. भारतातला क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमही त्याच चौकटीवर बेतलेला आहे.

भारतीय परंपरेत या विषयाचा सर्वात नेमका विचार सुश्रुतसंहितेत आहे. शास्त्र आणि कर्म यांपैकी एकच जाणणारा वैद्य एका पंखाच्या पक्ष्यासारखा असतो, असे सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे. केवळ ग्रंथ वाचलेला रुग्णासमोर गांगरतो आणि केवळ हाताचा सराव असलेला सज्जनांच्या मान्यतेला पात्र होत नाही. नवव्या अध्यायात, ‘योग्यासूत्रीया’त, सरावाची सामग्री एकेका क्रियेनुसार दिली आहे. कापण्यासाठी कोहळा, दुधी, कलिंगड आणि काकडी. फोडण्याच्या सरावासाठी पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशव्या. खरवडण्यासाठी केसाळ कातडे, शिरा टोचण्यासाठी मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ, शलाकेने आतला शोध घेण्यासाठी किडीने पोखरलेले लाकूड आणि बांबू. आतले शल्य ओढून काढण्याचा सराव फणसाच्या, तोंडल्याच्या आणि बेलाच्या गरावर आणि मेलेल्या जनावराच्या दातांवर. शिवणे शिकायचे ते जाड कापडावर आणि मऊ कातड्यावर. पट्टी बांधण्यासाठी मानवाकृती पुतळा. सगळे शास्त्र शिकलेल्या शिष्यालाही हा सराव करायला लावावा, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. पुढच्या अध्यायात वैद्याने व्यवसायात उतरण्यापूर्वीच्या अटी येतात आणि त्यांत राजाची अनुज्ञा आहे.

या यादीत एक नैतिक क्रम आहे. ज्याला वेदना होत नाहीत अशा वस्तूपासून आरंभ करायचा आणि माणसापर्यंत शक्य तितक्या उशिरा पोचायचे. आजच्या स्किल लॅबमधले रबरी हात आणि छातीदाबाचे पुतळे याच क्रमात बसतात. पण कोहळा घाबरत नाही, हात मागे घेत नाही, ‘डॉक्टर, तुम्ही नवीन आहात का?’ असे विचारत नाही. शेवटचे अंतर माणसावरच कापावे लागते. उशीर करता येतो, टाळता येत नाही, आणि नीतीचा प्रश्न नेमका तिथे सुरू होतो.

त्याआधी सरावाबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. करत राहिले की येते, हे अर्धे सत्य आहे. चांगले वाजवून चांगला वादक होतो तसा वाईट वाजवून वाईट वादकही होतो, हे ॲरिस्टॉटलनेच बजावले आहे. तसे नसते तर गुरूची गरजच पडली नसती. कोणी न पाहिलेली चूक शंभरदा केली की ती सवय होते आणि करणाऱ्याला ती कौशल्य वाटू लागते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्य निवडण्याच्या कसोट्या दिल्या आहेत. विद्वत्तेइतकेच महत्त्व तिथे प्रत्यक्ष कर्म पाहिलेले असण्याला आणि हात सिद्ध असण्याला आहे. अशा माणसाच्या नजरेखाली घालवलेला एक महिना नजरेबाहेरच्या वर्षापेक्षा अधिक शिकवतो. पाठाच्या वेळी मागच्या बाकावर बसून टिपण काढणारा आणि नंतर विद्यार्थी-शिक्षकाला त्याच्या फलकलेखनाबद्दल किंवा उत्तराची वाट न पाहण्याच्या सवयीबद्दल दहा मिनिटे सांगणारा मार्गदर्शक नसेल, तर छात्रसेवाकाल म्हणजे पाठ-टाचणांची वही पूर्ण करण्याचा काळ होतो.

धार्मिक विचाराच्या बाजूने पाहिले तर गीतेचा दुसरा अध्याय इथे हमखास पुढे केला जातो, कारण योग म्हणजे कर्मातले कौशल्य अशी व्याख्या त्यात आहे. कौशल्यविकासाच्या जाहिरातींवरही ती छापली जाते. भाष्यकारांना मात्र या कौशल्यात हाताची सफाई अभिप्रेत नाही. शंकराचार्यांच्या मते कर्म स्वभावतः बांधणारे असते आणि समत्वबुद्धीने केल्यामुळे त्याची बांधण्याची शक्ती जाते, हेच ते कौशल्य. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्म करण्याची युक्ती असा अर्थ घेतला आणि तिचा रोख लोकसंग्रहाकडे वळवला. संन्यासाकडे झुकणारे आचार्य आणि कर्माकडे झुकणारे टिळक इथे एका बाबतीत एकमत आहेत. कौशल्याची ओळख करणाऱ्याच्या बुद्धीवरून होते, कर्माच्या नुसत्या बाह्य रूपावरून नव्हे.

शिकाऊ विद्यार्थ्याला हे लागू केले की त्याच्या स्थितीतली अडचण लक्षात येते. रुग्ण बरा होण्यासाठी आलेला असतो, विद्यार्थी शिकण्यासाठी. लॉगबुकात ठराविक टाके, ठराविक बाळंतपणे, ठराविक कॅथेटर भरायचे असतात आणि समोरचा माणूस ‘एक केस’ होऊ लागतो. स्वतःचे कौशल्य हे फळ आहे आणि शिकणाऱ्याची नजर साहजिकच त्यावर असते. चरकाच्या उपनयनविधीत शिष्याकडून मागितलेले वचन याच्या थेट उलट दिशेचे आहे. रुग्णाच्या आरोग्यासाठी सर्व शक्तीने झटावे, स्वतःच्या जिवावर बेतले तरी त्याचे अहित चिंतू नये, त्याच्या घरातली गोष्ट बाहेर सांगू नये. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या प्रवचनांत बाहेरचे कर्म आणि त्याला आतून मिळणारी मनाची जोड, म्हणजे विकर्म, असा भेद केला आहे. तो इथे उपयोगी पडतो. सुई घालणे हे कर्म झाले. दोनदा चुकल्यावर तिसऱ्यांदा स्वतः प्रयत्न करायचा की सिस्टरना बोलवायचे, हा निर्णय विकर्माचा. लॉगबुकात त्यासाठी रकाना नाही, तरी इंटर्नशिपमध्ये घडणारी किंवा न घडणारी सर्वात मोठी गोष्ट तीच आहे.

आता चुका सोसण्याचा प्रश्न. माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने १७८५ मध्ये मांडले. त्यातला ‘केवळ’ हा शब्द विद्यार्थ्याला थोडी जागा देतो. रुग्णावर उपचार होत असतील आणि त्याच वेळी कोणी शिकत असेल, तर तो रुग्ण केवळ साधन ठरत नाही. मात्र त्याला ते माहीत असले पाहिजे आणि नाही म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे. ही मर्यादा प्रतिष्ठित ठिकाणीही ओलांडली गेली आहे. अमेरिकेत भूल दिलेल्या स्त्रियांची अंतर्गत तपासणी त्यांच्या नकळत विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याची पद्धत अनेक शिक्षण रुग्णालयांत होती. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये कायद्याने संमती सक्तीची केली, तर केंद्रीय आरोग्य खात्याने तसे स्पष्ट मार्गदर्शन देण्यास २०२४ उजाडले. त्या तपासणीने शरीराला इजा झाली नाही, हा बचाव अपुरा आहे. आपल्या शरीराचे काय होते आहे हे ठाऊक असण्याचा हक्क इजेवर अवलंबून नसतो.

संमतीने प्रश्न सुटतो असेही नाही. अतुल गवांदे या बोस्टनमधील शल्यविशारदाने, ज्यांचे वडील विदर्भातून अमेरिकेत गेले, ‘कॉम्प्लिकेशन्स’ (२००२) या पुस्तकात शिकाऊ शल्यचिकित्सकाच्या चुकांचा प्रामाणिक हिशेब मांडला आहे. त्यात ते सांगतात की स्वतःच्या मुलाच्या हृदयविकाराचा पाठपुरावा कोणी करायचा हे ठरवताना त्यांनी प्रशिक्षणार्थी डॉक्टर बाजूला ठेवून अनुभवी तज्ज्ञ निवडला. एका बापाने असे करणे समजण्यासारखे आहे. परंतु ज्यांना निवड करता येते ते सगळे हेच करणार असतील, तर शिकाऊ हात कोणाच्या वाट्याला येणार याचे उत्तर ठरलेलेच आहे. महाराष्ट्रात ते रोज दिसते. पैसे भरू शकणारा रुग्ण थेट तज्ज्ञाच्या दवाखान्यात जातो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनरल वॉर्डातल्या रुग्णाला पहिली सुई इंटर्नची लागते. तिथे शिकलेला हात पुढे खासगी रुग्णालयात जातो आणि ज्यांच्यावर तो शिकला त्यांना बहुधा परवडत नाही.

जॉन रॉल्सने ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये (१९७१) न्याय तपासण्यासाठी अज्ञानाच्या पडद्याची कल्पना वापरली. आपण गरीब असू की श्रीमंत, रुग्ण असू की डॉक्टर हे ठाऊक नसताना माणूस कोणती व्यवस्था मान्य करील? डॉक्टर तयार होणे थांबावे, असे कोणीच म्हणणार नाही. पण शिकण्याचा सगळा भार एका वर्गावर आणि फायदा दुसऱ्यावर, ही वाटणीही कोणी मान्य करणार नाही. सरकारी रुग्णालयाच्या बाजूने एवढे नक्की म्हणता येते की शिक्षण चालू असते तिथे एका रुग्णाकडे अनेक डोळे लागलेले असतात, आणि पुष्कळ रुग्णांना तिथे मिळणारे उपचार अन्यथा मिळालेच नसते. यामुळे भार हलका होतो, वाटणी न्याय्य होत नाही.

भारतीय परंपरेतली ऋणाची कल्पना इथे हक्कांच्या भाषेपेक्षा अधिक कामाची आहे. तैत्तिरीय संहितेत जन्माबरोबर येणारी तीन ऋणे सांगितली आहेत, देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मण त्यांत चौथे घालते, मनुष्यांचे. ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे मानले गेले, आणि विद्यार्थ्याचे ऋण म्हणजे गुरूचे ऋण हीच समजूत रूढ झाली. कामातून शिकणाऱ्याच्या बाबतीत ती अपुरी आहे. त्याचे मोठे ऋण चौथ्या प्रकारचे असते. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शवविच्छेदनापूर्वी देहाचा आदर राखण्याची शपथ घेतो, हा त्या ऋणाचा पहिला उच्चार आहे. त्या टेबलावर देहदान केलेल्या माणसाबरोबर १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याखाली मिळालेला बेवारस देहही असतो. एकाने दिले, दुसऱ्याकडून घेतले गेले. विद्यार्थ्याचे ऋण दोघांचेही आहे, आणि ज्याला कोणी विचारले नाही त्याचे जास्त. शिक्षकी पेशात हे ऋण रक्त न सांडता होते, म्हणून ते नजरेआड राहते. नवख्या शिक्षिकेने अपूर्णांकांचा भागाकार गोंधळवला तर वर्गातल्या मुलांचा तो धडा गेला; मूळ शिक्षिकेने पुन्हा घेतला नाही तर कायमचा.

ऋण उलट दिशेनेही चढते. विद्यार्थ्याच्या श्रमावर संस्था चालू लागली की घेणेकरी विद्यार्थी होतो. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हा मुलांनी बनवलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च निघावा हा भाग सर्वाधिक वादग्रस्त ठरला. आर्थिक उद्देशापुढे शैक्षणिक उद्देश मागे पडण्याचा धोका झाकिर हुसेन समितीनेही आपल्या अहवालात नोंदवला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराला प्रशिक्षणार्थी ठरवले, कामगार नव्हे. त्यामुळे सुरक्षेच्या तरतुदी त्याला लागू झाल्या, पण एरवीच्या कामगार कायद्यांचे संरक्षण मिळाले नाही. ही सूट शिकवण्याच्या मोबदल्यात दिलेली आहे. वर्षभर एकाच यंत्रावर एकच नग काढायला लावणारा कारखाना, किंवा इंटर्नला रक्ताच्या नळ्या प्रयोगशाळेत पोचवण्यात आणि फॉर्म भरण्यात गुंतवणारे रुग्णालय, सूट घेते आणि मोबदला देत नाही.

दोन्ही दिशांचे ऋण जिथे एकत्र येते, ती जागा वरिष्ठाच्या उपस्थितीची. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली अठरा वर्षांच्या एका मुलीचा रुग्णालयात मृत्यू झाला. रात्री तिची जबाबदारी दीर्घ पाळीत असलेल्या निवासी डॉक्टरांवर होती. त्यानंतर झालेल्या चौकशीतून राज्याने १९८९ मध्ये निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा घातली आणि वरिष्ठांची देखरेख बंधनकारक केली. भारतात इंटर्नची नोंदणी तात्पुरती असते. मृत्यूचा दाखला किंवा वैद्यकीय-कायदेशीर कागद त्याला स्वतःच्या सहीने देता येत नाही. या नियमाचा अर्थ सरळ आहे. शिकाऊ हाताने केलेल्या कामाची जबाबदारी कसलेल्या माणसाची आहे आणि ती निभावण्यासाठी त्याला तिथे हजर राहावे लागते. ज्या वॉर्डात रात्री दोन वाजता इंटर्नला विचारायला कोणी नसते, तिथे रुग्ण आणि विद्यार्थी या दोघांवरही अन्याय होत असतो, आणि त्या रात्रीला प्रशिक्षण म्हणून प्रमाणपत्रात धरणे चुकीचे आहे.